जखमी शिपायाची कविता

मित्रांनो, युद्धाच्या गोष्टी ऐकायला कुणाला आवडत नाहीत? युद्धाची कथा लांबून ऐकताना रम्य वाटते, असं एक जुनं संस्कृत वचनच आहे. शाहिरानं डफावर थाप मारून सिंहगडाचा पोवाडा सुरू केला, की मांडी घालून बसलेली मंडळी एकदम ताठ होतात. मुठी आवळल्या जातात. तानाजी मालुसरे कडा चढू लागतात आणि आपणही मनातल्या मनात दोर धरून वर निघतो. आपल्या साहित्यशास्त्रात नऊ रस सांगितले आहेत, त्यातला हा वीररस. त्याच्या मुळाशी असतो उत्साह.

पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली आहे का? लढाई संपते, झेंडा फडकतो आणि गोष्टही तिथंच संपते. त्या लढाईत ज्याचा हात गेला, ज्याचे डोळे गेले, तो दुसऱ्या दिवशी सकाळी काय करत होता, हे गोष्टीत सहसा नसतं. वर्तमानपत्रातली बातमी आठवा. तिच्यात दोन आकडे असतात : इतके ठार, इतके जखमी. पहिला आकडा वाचून आपण क्षणभर थांबतो. दुसऱ्यावरून नजर सरळ पुढं जाते. जखमीच ना, मलमपट्टी होईल, बरे होतील, असं आपण धरून चालतो.

काही कवी मात्र त्या दुसऱ्या आकड्यापाशीच थांबले. त्यांनी त्यातला एकेक माणूस बाहेर काढून आपल्यासमोर बसवला. वीररसाकडून करुणरसाकडे झालेला हा प्रवास कसा घडला आणि जखमी सैनिकांविषयी आपल्या मनात दया जागी करणं कवितेला कसं जमतं, ते आज पाहू या.

सहाशे स्वार आणि वीस म्हातारे

२५ ऑक्टोबर १८५४. काळ्या समुद्राकाठच्या क्रिमियात युद्ध चाललं होतं. एका बाजूला ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान, दुसऱ्या बाजूला रशिया. बालाक्लाव्हा या गावाजवळ ब्रिटिशांच्या 'लाइट ब्रिगेड' या घोडदळाला एक हुकूम मिळाला. हुकूम मोघम होता, त्याचा अर्थ भलताच लावला गेला आणि सुमारे ६७० स्वार सरळ रशियन तोफांच्या तोंडावर चालून गेले. शंभराहून अधिक ठार झाले. त्याहून जास्त जखमी झाले.

इंग्लंडचे राजकवी टेनिसन यांनी ही हकिगत वर्तमानपत्रात वाचली. डिसेंबरमध्ये त्यांची कविता छापूनही आली. घोड्यांच्या टापांसारखी दौडणारी तिची लय लोकांच्या तोंडात अशी बसली, की शाळाशाळांतून मुलं ती पाठ म्हणू लागली. ते सहाशे वीर अमर झाले.

कवितेत अमर झालेल्या माणसांनाही रोज भूक लागते. छत्तीस वर्षांनी, १८९० साली, या गोष्टीची आठवण एका तरुण लेखकानं करून दिली. त्याचं नाव रुड्यार्ड किपलिंग. हो, तुमच्या मोगलीची 'जंगल बुक' लिहिणारे तेच! त्यांचा जन्म १८६५ साली आपल्या मुंबईतला, जे. जे. कलाशाळेच्या आवारातला. 'द लास्ट ऑफ द लाइट ब्रिगेड' या कवितेत त्यांनी एक प्रसंग कल्पिला. त्या घोडदळातले शेवटचे वीसजण उरले आहेत. म्हातारे, उपाशी, खिशात दमडी नाही. ते पायी पायी त्या थोर कवीच्या घरी जातात. कष्टानं वाकलेली पाठ ताठ करून सलामीला उभं राहायची धडपड करतात. त्यांचं म्हणणं एवढंच, की साहेब, तुम्ही आमच्यावर लिहिलंत ते छान झालं, पण आता पुढचंही लिहा. आमचं पुढं काय झालं ते लोकांना कळू द्या.

ही भेट खरी नव्हती. दारिद्र्य मात्र खरं होतं. त्याच १८९० साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा आवाज मेणाच्या नळकांड्यावर मुद्रित करण्यात आला. हातात दिवा घेऊन रात्री जखमींच्या खाटांमधून फिरणाऱ्या या परिचारिकेचा धडा तुम्ही वाचला असेल. त्यांचा आवाज जपला गेला तो याच लाइट ब्रिगेडच्या म्हाताऱ्या शिपायांच्या मदतनिधीसाठी.

आता बघा, किपलिंगनं वेगळं काय केलं? शिपाई तेच, लढाई तीच. त्यानं फक्त कॅलेंडर छत्तीस वर्षं पुढं सरकवलं. गोष्ट जिथं संपते असं आपल्याला वाटत होतं, तिथून त्यानं ती सुरू केली.

खाटेशेजारी बसलेला कवी

आता अमेरिकेत जाऊ. तिथं १८६१ ते १८६५ या काळात उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची राज्यं आपसात लढत होती. वॉल्ट व्हिटमन हा कवी तेव्हा न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनला राहत होता. डिसेंबर १८६२ मध्ये वर्तमानपत्रातल्या जखमींच्या यादीत त्याला आपल्या भावासारखं एक नाव दिसलं. तो तडक व्हर्जिनियातल्या फ्रेडरिक्सबर्गला धावला. भाऊ जॉर्ज सापडला. त्याच्या गालावर लहानशी जखम होती, बाकी ठीक होता. पण भावाला शोधताना व्हिटमनला एका लष्करी इस्पितळाबाहेर झाडाखाली एक ढीग दिसला. कापून टाकलेल्या हातापायांचा ढीग.

त्रेचाळीस वर्षांचा हा कवी मग घरी परतलाच नाही. तो वॉशिंग्टनला राहिला. पोटापुरतं कारकुनी काम करायचं आणि उरलेल्या वेळात इस्पितळांत जायचं, असा त्याचा क्रम झाला. तो काही डॉक्टर नव्हता. तो संत्री, तंबाखू, कागद, पाकिटं घेऊन जाई. ज्याला लिहिता येत नसे त्याचं घरचं पत्र लिहून देई. ज्याला झोप येत नसे त्याच्या खाटेशेजारी नुसता बसून राही. उत्तरेचा शिपाई असो की शत्रुपक्षाचा, तो दोघांपाशी बसे.

या दिवसांतून १८६५ साली त्याचा युद्धकवितांचा संग्रह निघाला. त्यातल्या जखमा बांधणाऱ्या माणसाच्या कवितेची सुरुवात तुम्हाला आपली वाटेल. एका म्हाताऱ्याला मुलं विचारतात, की बाबा, तुम्ही युद्ध पाहिलंय ना, मग त्यातल्या मोठमोठ्या लढायांची गोष्ट सांगा. म्हातारा सुरुवात करतो, पण लढाईवर रेंगाळत नाही. तो मुलांना घेऊन जातो इस्पितळाच्या लांबच लांब ओळीत. हातात पट्ट्या, पाणी आणि स्पंज. पहिली खाट, दुसरी खाट, तिसरी खाट. एकही चुकवायची नाही. कुणाचं डोकं फुटलंय, कुणाचा हात कापलाय. तो जखम धुतो, पट्टी बांधतो आणि पुढं सरकतो.

ही कविता घाई करत नाही. आकड्यावरून आपली नजर जशी सुळकन जाते, तशी इथं जाऊच शकत नाही. कवी आपल्याला प्रत्येक खाटेपाशी थांबायला लावतो.

वर्गात शिकवणारा रुग्ण

यानंतर जगानं पाहिलं पहिलं महायुद्ध, १९१४ ते १९१८. यंत्रतोफा, विषारी वायू, महिनोन् महिने चिखलानं भरलेल्या खंदकांतलं जगणं. एकट्या ब्रिटनच्या ४१ हजारांहून अधिक सैनिकांना या युद्धात हात किंवा पाय गमवावा लागला. या जखमी पिढीचा कवी म्हणजे विल्फ्रेड ओवेन.

ओवेनचा जन्म १८९३ चा. युद्ध सुरू झालं तेव्हा तो फ्रान्समध्ये मुलांना इंग्रजी शिकवत होता. एका इस्पितळात त्यानं जखमी सैनिक पाहिले आणि धाकट्या भावाला पत्रातून त्या जखमांची चित्रं काढून पाठवली. युद्ध म्हणजे काय ते तुलाही कळू दे, असा हेतू. पुढं १९१५ मध्ये तो स्वतःच सैन्यात भरती झाला.

जानेवारी १९१७ मध्ये तो आघाडीवर पोचला. दोन्ही सैन्यांच्या मधल्या ओसाड जमिनीत, पाण्यानं भरलेल्या एका भुयारात, पंचवीस माणसांना घेऊन त्यानं सुमारे पन्नास तास काढले. वरून गोळे पडत होते. पहाऱ्यावरचा एक शिपाई स्फोटानं खाली फेकला गेला आणि त्याची दृष्टी गेली. पुढं 'द सेंट्री' या कवितेत ओवेननं तो क्षण पकडला. आंधळा झालेला शिपाई रडतोय. अधिकारी त्याच्या डोळ्यांसमोर मेणबत्ती धरतो. उजेडाचा नुसता ठिपका जरी दिसला तरी तू आंधळा नाहीस, असं त्याला समजावतो. शिपायाला ठिपकाही दिसत नाही. सगळ्या महायुद्धाचा अंधार त्या एका मेणबत्तीपाशी कसा गोळा झालाय पाहा!

एप्रिलमध्ये ओवेनजवळच तोफगोळा फुटला. हातपाय शाबूत राहिले, पण मन हादरलं. अशा माणसांना रात्री भयंकर स्वप्नं पडत, अंगाला कापरं भरे, कुणी तोतरं बोलू लागे. बाहेरून रक्त दिसत नसे, म्हणून पुष्कळ लोक त्यांना भित्रे समजत. प्रत्यक्षात तीही जखमच होती. ओवेनला स्कॉटलंडमध्ये एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात पाठवलं. तिथल्या डॉक्टर ब्रॉक यांचं औषध न्यारं होतं. ते रुग्णाला कामाला लावत. ओवेननं इस्पितळाचं मासिक संपादित केलं आणि शहरातल्या एका शाळेत जाऊन मुलांना साहित्यही शिकवलं. त्या वर्गातल्या मुलांना कुठं माहीत होतं, की आपले हे तरुण मास्तर रात्री स्वप्नात ओरडत उठतात!

याच इस्पितळात त्याला सिगफ्रिड ससून भेटला. ससून शौर्यपदक मिळवलेला अधिकारी होता आणि नावाजलेला कवीही. हे युद्ध उगाच लांबवलं जातंय, असं त्यानं जाहीरपणे लिहिलं, आणि त्याला तुरुंगाऐवजी इस्पितळात धाडण्यात आलं. ओवेन त्याच्या पुस्तकाच्या प्रती बगलेत मारून, सही घ्यायला, भीतभीत त्याच्या खोलीत गेला. तिथून दोघांची मैत्री झाली. ससून त्याच्या कविता तपासू लागला. ओवेनच्या पुष्कळशा मोठ्या कविता यानंतरच्या वर्षभरात लिहिल्या गेल्या.

चाकाच्या खुर्चीतला मुलगा

त्यातली एक कविता ऑक्टोबर १९१७ मध्ये लिहिलेली. नाव 'डिसेबल्ड', म्हणजे अपंग. तिच्यात काय आहे ते तुम्हाला माझ्या शब्दांत सांगतो.

संध्याकाळ आहे. चाकाच्या खुर्चीत एक तरुण अंधार पडायची वाट बघत बसलाय. अंगात करडा सूट. पाय नाहीत. सूट कोपरापाशी आखूड करून शिवलेला. जवळच्या बागेतून खेळणाऱ्या मुलांचे आवाज येताहेत.

त्याला जुन्या संध्याकाळी आठवतात. दिवे लागले की नाच सुरू व्हायचा. तो फुटबॉल खेळायचा. सामन्यात गुडघा फुटून पायावर रक्ताचा ओघळ आला तर त्याला त्याचं कौतुकच वाटायचं. मित्र खांद्यावर घेऊन मिरवायचे. अशाच एका सामन्यानंतर, दारूच्या तारेत, त्याला सैन्यात जावंसं वाटलं. गणवेशात आपण रुबाबदार दिसू, असं कुणीतरी म्हणालं होतं. एका मुलीवर छापही पाडायची होती. वय कमी होतं. भरती करणाऱ्यांनी हसत हसत खोटं वय लिहून घेतलं. जाताना ढोल वाजले, जयजयकार झाला.

आणि परतल्यावर? थोडेफार लोक ओरडले, पण सामन्यात गोल झाल्यावर ओरडतात तेवढेही नाहीत. आता तो इस्पितळात दिवस काढतोय. नियम सांगतील तसं वागायचं. लोक जेवढी दया वाढतील तेवढी घ्यायची. आज संध्याकाळीच त्याच्या लक्षात आलं, की बायकांची नजर त्याच्यावरून घसरते आणि शेजारच्या धडधाकट पुरुषांवर जाऊन थांबते. थंडी वाढत चाललीय. त्याला अंथरुणावर नेऊन निजवायला कुणी आलेलं नाही.

संपली कविता. तिच्यात एकदाही तोफ धडाडत नाही. तरी वाचून झाल्यावर गळ्याशी काहीतरी दाटतं. का बरं?

किमया कशात आहे?

पहिली गोष्ट, कवीनं एकच माणूस घेतला. ४१ हजारांची दया करायला आपलं मन पुरत नाही, एकाची करायला पुरतं. दुसरी गोष्ट, त्यानं आधीचं आणि नंतरचं शेजारी शेजारी ठेवलं. सामन्यातला तो रक्ताचा ओघळ आणि आता नसलेले पाय. या दोहोंमधली दरी वाचकानं स्वतः मोजायची. तिसरी गोष्ट, लहानसहान वस्तू : आखूड शिवलेली बाही, मेणबत्ती, खाटेशेजारची संत्री. 'भयंकर', 'हृदयद्रावक' असे शब्द दहा वेळा लिहिले असते तरी जे झालं नसतं, ते शिवलेल्या बाहीनं होतं. आणि चौथी गोष्ट, कवी स्वतः गळा काढत नाही. तो आवाज खाली ठेवतो. रडायची जागा वाचकासाठी मोकळी सोडतो.

पण याहून मोठी एक गोष्ट या कवितेत आहे. चाकाच्या खुर्चीतल्या त्या मुलाला लोकांची दया मिळतेच आहे. तरी तो एकटा आहे. असं कसं?

आपल्या मराठीत यासाठी किती शब्द आहेत बघा. कीव, दया, करुणा, कणव, कळवळा. सगळे सारखे वाटतात, पण बोलताना आपण बरोबर फरक करतो. 'मला त्याची कीव येते' असं म्हणणारा माणूस वरच्या पायरीवर उभा असतो. तो 'बिचारा!' म्हणतो, खिशातून काहीतरी काढून देतो आणि नजर फिरवतो. करुणेत नजर फिरवता येत नाही. शेजारी बसावं लागतं. संतांच्या तोंडी वारंवार येणारा 'कळवळा' तर त्याहून आतला. दुखतं दुसऱ्याचं आणि कळ येते आपल्याला.

ससूनची 'डझ इट मॅटर?' ही कविता याच कीवेला चिमटे काढते. पाय गेले? काय बिघडलं? लोक तुमच्याशी छान वागतीलच की! दृष्टी गेली? आंधळ्यांसाठी चांगली कामं असतात! असा तिचा सूर. वाचताना आपण आधी हसतो, मग ओशाळतो. कारण असंच काहीतरी आपणही कधीतरी कुणाला बोललेलो असतो.

म्हणून या कवितांतली दया दुहेरी आहे. जखमी शिपायाचं दुःख त्या दाखवतातच. पण त्याच्याकडे आपण कसे बघतो, तेही आरशासारखं दाखवतात.

हे रडगाणं आहे का?

तुमच्यापैकी कुणाला वाटेल, की सैनिक शूर असतो, त्याला दया कशाला? हा आक्षेप फार मोठ्या माणसानंही घेतला होता. आयर्लंडचे नोबेलविजेते कवी येट्स यांनी १९३६ साली आधुनिक इंग्रजी कवितांचा एक मोठा संग्रह संपादित केला. त्यात त्यांनी ओवेनची एकही कविता घेतली नाही. नुसतं सोसणं हा काही कवितेचा विषय होऊ शकत नाही, असं त्यांचं मत होतं.

याचं उत्तर ओवेनच्या आयुष्यातच आहे. बरा झाल्यावर त्याला मायदेशीच राहणं शक्य होतं. ऑगस्ट १९१८ च्या अखेरीस तो पुन्हा फ्रान्सला गेला. आपल्या माणसांचं नेतृत्व करायचं आणि त्यांचं दुःख बोलून दाखवायचं, ही दोन्ही कामं त्याला आपली वाटत होती. ऑक्टोबरमध्ये त्यानं लढाईत पराक्रम गाजवला आणि त्याबद्दल त्याला 'मिलिटरी क्रॉस' हे पदक मिळालं. ज्या हातानं करुणेची कविता लिहिली, त्याच हातानं शौर्यही केलं. मग दोन्हींत वैर कुठं आहे?

ओवेननं देशप्रेमाची टिंगल केली नाही. त्याला राग होता तो गोड खोटेपणाचा. त्याच्या 'डल्से एत डेकोरम एस्त' या कवितेत विषारी वायूचा हल्ला होतो. सगळे धडपडत मुखवटे चढवतात. एकाला उशीर होतो. तो गुदमरून पडताना कवीला मुखवट्याच्या हिरवट काचेतून दिसतो, जणू समुद्रात बुडतोय. देशासाठी मरण गोड असतं, अशा अर्थाच्या जुन्या लॅटिन वचनावरून या कवितेचं नाव घेतलंय. हे दृश्य पाहिलेला माणूस पराक्रमासाठी आसुसलेल्या मुलांना असलं गोड वचन सांगणार नाही, असं कवी शेवटी म्हणतो. मुलांना, म्हणजे तुमच्याएवढ्यांना. मुलांशी खरं बोला, एवढीच त्याची मागणी होती.

४ नोव्हेंबर १९१८ रोजी, फ्रान्समधल्या ओर्स गावाजवळ कालवा ओलांडताना ओवेनला गोळी लागली. तो पंचवीस वर्षांचा होता. युद्ध संपायला फक्त सात दिवस उरले होते. ११ नोव्हेंबरला इंग्लंडच्या श्रूझबरी गावात युद्धसमाप्तीच्या आनंदात घंटा वाजत होत्या, तेव्हाच त्याच्या घरी तार पोचली. तोवर त्याच्या मोजक्याच कविता छापून आल्या होत्या. पुस्तक निघालं ते १९२० साली, ससूननं लिहिलेल्या प्रस्तावनेसह.

त्याच वर्षी ओवेनच्या आईनं एक पत्र लिहिलं. कुणाला, सांगा बरं? रवींद्रनाथ टागोरांना! लेकानं शेवटचा निरोप घेताना 'गीतांजली'तल्या ओळी म्हटल्या होत्या. त्याची खिशातली वही परत आली, तेव्हा तिच्यात त्याच्या अक्षरात त्याच ओळी होत्या आणि खाली टागोरांचं नाव. गंमत म्हणजे, 'गीतांजली'च्या इंग्रजी पुस्तकाला १९१२ साली प्रस्तावना लिहिली होती ती येट्स यांनीच!

आपल्या माणसांचं काय?

या महायुद्धात आपल्या देशातले दहा लाखांहून अधिक लोक समुद्रापार गेले होते. त्यांत मराठा पलटणीही होत्या. आजच्या इराकमधल्या कूतच्या वेढ्यात मराठा शिपाई अडकले होते. एप्रिल १९१६ मध्ये तिथल्या सैन्याला शरण जावं लागलं.

फ्रान्समध्ये जखमी झालेल्या भारतीय सैनिकांसाठी इंग्लंडच्या ब्रायटन शहरात १९१४ च्या अखेरीस एका घुमटदार राजवाड्याचं इस्पितळ करण्यात आलं. हिंदू आणि मुसलमान सैनिकांसाठी स्वयंपाकघरं वेगळी, झगमगत्या झुंबरांखाली खाटांच्या रांगा. तिथून त्यांनी घरी पत्रं लिहिली. ही पत्रं सरकारी अधिकारी उघडून तपासत आणि त्यांतले उतारे भाषांतर करून ठेवत. त्यामुळेच ते आज वाचायला मिळतात. कुणाला महाभारताची आठवण झाली. महाभारतातही युद्ध संपल्यावर स्त्रीपर्व येतं, आठवतंय ना? गांधारी रणभूमीवरून फिरते आणि विजयाचा सगळा आवाज थांबतो.

कीव करून न थांबणारी माणसं आपल्याकडेही होती. महायुद्धात अपंग झालेल्या सैनिकांना हातचा हुन्नर शिकवण्यासाठी १९१७ साली मुंबईत 'क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट' सुरू झाली. पुढं ती पुण्याजवळ खडकीला गेली.

आणि सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर! सैन्यात ते मुष्टियोद्धा होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक पटकावलं. भारतासाठी त्या स्पर्धेतलं ते पहिलंच सुवर्ण. जखमी माणूस म्हणजे नुसती जखम नसते, हे त्यांच्याकडे पाहून कळतं. ओवेनच्या कवितेतल्या मुलालाही हेच तर हवं होतं. माझे पाय बघू नका, मला बघा.

दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. १९४९ पासून तो पाळला जातो. शाळेत छोटे कागदी झेंडे येतात, आपण पैसे देऊन ते खिशाला टाचतो. त्या निधीतून सैनिकांच्या कुटुंबांना आणि जखमी जवानांना मदत होते. पैसे जरूर द्या. पण झेंडा टाचताना एवढं आठवा, की त्या मदतीच्या पलीकडच्या टोकाला एक माणूस आहे. त्याला फुटबॉल आवडत असेल, गाणं आवडत असेल, तुमच्यासारखा एक भाऊ किंवा मुलगी असेल.

तुम्ही करून बघा

या आठवड्यात वर्तमानपत्रातली एखादी अशी बातमी शोधा, जिच्यात 'जखमी' हा शब्द आणि एक आकडा असेल. युद्धाचीच हवी असं नाही, अपघाताचीही चालेल. त्या आकड्यातल्या एका माणसाची कल्पना करा. त्याच्या घरात, त्याच्या खोलीत, आता न वापरली जाणारी एक वस्तू कोणती असेल? सायकल? बासरी? चपलांचा एक जोड? त्या वस्तूविषयी आठ-दहा ओळी लिहा. अट एकच : 'बिचारा' हा शब्द वापरायचा नाही.

लिहून झालं की आईबाबांना वाचून दाखवा. ऐकताना ते गप्प झाले, तर समजा तुमची कविता जमली!